मन्सूरभाईला न येणारी मालिश

आरमोरीत कुणाची मान आखडली, पाठ भरली, कोपर निखळलं, की माणूस आधी मन्सूरभाईचं घर गाठायचा. दवाखाना नंतर, आणि तोही कुणी ओढून नेलं तर. धानाचा रोवणा संपला की महिनाभर त्याच्या ओसरीवर कंबर धरून बसलेल्यांची रांग लागायची. चिखलात वाकून रोपं लावतात बायका आणि ओसरीवर कण्हत बसतात पुरुष, हे कोडं आजवर कुणाला सुटलेलं नाही. बायकांच्या कंबरा मागच्या खोलीत खुर्शीदा बघायची, आणि तिच्याकडची रांग नवऱ्याच्या रांगेपेक्षा लांब असायची. मन्सूरभाईला हे दिसत नव्हतं असं नाही, पण तो त्यावर कधी बोलायचा नाही.

त्याचा विश्वास साधा होता. शरीरात जे बिघडतं ते जागेवरून सरकल्यामुळे बिघडतं, आणि जे सरकलं ते हाताने परत बसतं. हाड सरकतं, शीर चढते, बेंबी सरकते. मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल तळव्यावर घ्यायचं, अंगठ्याने चाचपत जायचं, जागा सापडली की काम झालं. एकोणपन्नास वर्षांच्या आयुष्यात याला अपवाद त्याला भेटला नव्हता. भेटलाही असेल, पण असा अपवाद दुसऱ्या दिवशी मुकाट्याने ब्रह्मपुरीच्या डॉक्टरकडे जातो, मन्सूरभाईला सांगायला परत येत नाही.

सांधा बसवायची त्याची एक हातोटी होती, बापाकडून आलेली. निखळलेला हात घेऊन माणूस आला की तो हात नुसता आपल्या हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "आज काही करत नाई भाऊ, नुसतं पाहून राह्यलो. तुह्या गाईनं काय देल्लं, गोऱ्हा की कालवड?" माणूस गाईचं सांगायला तोंड उघडतो न उघडतो तोच कट्ट असा आवाज यायचा. माणूस बोंबलायचा, मग हात हलवून बघायचा, मग हसायचा. "काय केलं गा मन्सूरभाई?" असं विचारलं की हा अगदी साळसूद. "मी कुठी काय केलं? पाह्यलं फक्त." इलाज सांगून करायचा नसतो, माणूस अंग आखडून घेतो, आणि आपली विद्याही उघडी पडते, असं बाप सांगून गेला होता.

असा हा माणूस सत्त्याण्णव सालच्या धानकापणीच्या दिवसांत स्वतः आजारी पडला, आणि त्याच्या अंगात नेमकं काय सरकलं ते त्याला सापडेना.

लघवीला आग व्हायची. बसलं की खालून, मांड्यांच्या मधोमध, ठणकायचं. लघवी करून उठला तरी मागाहून दोन थेंब यायचे. या थेंबांनी त्याला फार छळलं. कपडे पाक नाहीत तर नमाज कशी पढायची? जुम्म्याला मशिदीत जायचं त्याने सोडून दिलं. मौलवींना विचारलं असतं तर त्यांनी आजारी माणसासाठी असलेली तोड सांगितली असती, पण विचारायचं म्हणजे थेंबांबद्दल बोलायचं, आणि ते त्याच्याने होईना. त्याने स्वतःची बेंबी दाबून बघितली. ठोका जागेवर होता. शीर चढली म्हणावं तर कोणती? सगळ्या तालुक्याच्या शिरा ज्याला पाठ, त्याला स्वतःची एक सापडू नये याचा त्याला रागच आला.

पहिल्यांदा त्याने सांगितलं बापूजीला. बापूजी धानाचा शेतकरी, वैरागडच्या वाटेवर त्याची शेती. दर आठवडी बाजाराला बैलबंडी घेऊन यायचा आणि मन्सूरभाईच्या ओसरीवर टेकल्याशिवाय परत जायचा नाही. दोघांची तीस वर्षांची दोस्ती. बापूजीने क्षणभरही विचार केला नाही.

"उष्णता आहे. धन्याचं पानी पे."

महिनाभर धन्याचं पाणी पिऊन काही झालं नाही, उलट जास्त वेळा उठावं लागलं. मग मन्सूरभाई बाजारातल्या तंबूत शिरला. तिथे काचेच्या बरण्या होत्या, बाहेर कापडावर लाल अक्षरांत गुप्त रोगांची यादी होती. आतल्या वैद्याने नाडी पाहिली नाही, पोट पाहिलं नाही, एकच विचारलं, "लहानपणी काही चुका केल्या काय?" ज्याने केल्या नाहीत असा माणूस त्या तंबूत पाऊल टाकत नाही. मन्सूरभाईने मान खाली घातली. वैद्याला तेवढं पुरलं. धातू पाझरते आहे, एकेक थेंब घडायला शरीर चाळीस दिवस राबतं, तुम्ही तर उधळून बसलात, असं त्याने सांगितलं. चूर्ण दिलं आणि पथ्य दिलं. पथ्य असं की सव्वा वर्ष बायकोच्या जवळ जायचं नाही, तिच्या खोलीतसुद्धा निजायचं नाही.

मन्सूरभाईने त्याच दिवशी आपली बाज ओसरीवर आणली. खुर्शीदाने दारात उभं राहून विचारलं, "काऊन जी, बाहेर?"

"आत उकडून राह्यलं," तो म्हणाला.

डिसेंबर महिना होता. सकाळी लोक शेकोटीभोवती बसून हात चोळत होते. खुर्शीदाने त्याच्याकडे एकवार पाहिलं, आत गेली, जाड कांबळं आणून बाजेवर ठेवलं आणि दार लोटून घेतलं. त्यानंतर तिने कधी काही विचारलं नाही. मन्सूरभाईला वाटलं, बरं झालं, सुटलो. बाई गप्प झाली की प्रश्न मिटला असं समजणारे पुरुष आपल्याकडे काही कमी नाहीत, आणि तो त्यांच्यातलाच एक होता.

वर्ष असंच गेलं. चूर्ण संपलं की नवीन यायचं. ठणका कधी कमी, कधी जास्त. घरात दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायची. मागच्या खोलीत ती बायकांच्या पाठी रगडायची, पुढे हा पुरुषांच्या. दिवसभर दोघांचेही हात लोकांच्या अंगावर फिरत असायचे, आणि एकमेकांना पेला देतानासुद्धा बोटं लागणार नाहीत अशी ती दोघं काळजी घ्यायची. एक दिवस खुर्शीदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "बकरीद झाली का मी सिंदेवाहीले इकराकडं जातो. कायमचीच."

इकरा ही त्यांची एकुलती एक मुलगी, दोन वर्षांपूर्वी सिंदेवाहीला दिलेली.

"कायमची म्हंजे?" मन्सूरभाईने विचारलं.

"तिचं लेकरू लहान आहे. तिथी मले काम आहे. इथी माह्यं काय काम?"

बकरीद मार्चच्या शेवटी होती आणि ही गोष्ट झाली जानेवारीत.  खुर्शीदा एकदा ठरवलं की बदलणारी बाई नव्हती, हे त्याला सत्तावीस वर्षांच्या संसारात पुरतं माहीत होतं. तिला थांबवायचं तर खरं सांगायला हवं. आणि खरं काय ते त्यालाच ठाऊक नव्हतं. मी तुझ्यापासून लांब का राहतो तर माझी धातू जाते म्हणून, असं सांगायचं? की मी आता पुरुषच उरलो नाही, असं? यातलं कोणतं वाक्य माणसाने आपल्या बायकोसमोर उच्चारावं?

अशात बापूजीने एक बातमी आणली. त्याच्या साळ्याला असाच त्रास होता, नागपूरच्या डॉक्टरने बरा केला.

"कशानं?" मन्सूरभाईने विचारलं.

"मालिश करून."

मन्सूरभाई ताठ बसला. "कायची मालिश?"

"आत एक गाठ राह्यते म्हने मानसाले. तिची." बापूजीने आजूबाजूला बघितलं आणि आवाज उतरवला. "मांगून. बोट घालून."

मन्सूरभाईचं आजारपण क्षणभर बाजूलाच राहिलं. जगात अशी एक मालिश आहे आणि ती आपल्याला येत नाही, हेच त्याला आधी लागलं. त्याने बापूजीला भंडावून सोडलं. तेल कोणतं? जोर किती द्यायचा? उजवीकडून की डावीकडून? बापूजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त पानठेल्यावर ऐकलेलं ठाऊक होतं, आणि ते भरपूर होतं. एक जण म्हणाला होता, ती मालिश केली की म्हातारा पंचविशीत येतो. दुसऱ्याने सांगितलं होतं, एकदा का तिथे बोट लागलं की मर्दानगी कायमची गेली. तिसरा डोळा मारून म्हणाला होता, तसल्या लोकांचे शौक आहेत ते. बापूजीने तिन्ही गोष्टी सारख्याच विश्वासाने सांगितल्या आणि बैल जुंपून तो निघून गेला.

मन्सूरभाई आठ दिवस विचार करत राहिला. येते, जाते, का तिसरंच काही होतं? शेवटी फेब्रुवारीत एका मंगळवारी तो सरकारी दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

तिथे रोशन गेडाम नावाचे डॉक्टर होते, तिशीतले, इथल्याच मुलखातले, आपल्यासारखं बोलणारे. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि पडद्यामागे कुशीवर निजायला सांगितलं. "चाचा, गाठ सुजली काय ते बोटानं पाहा लागन. दुखलं तं सांगजा." त्यांनी हातमोजा चढवला. मन्सूरभाईने डोळे मिटले, दात आवळले. मिनिटभराचं काम. दुखलं, पण सोसण्याजोगं. पुरं होण्याआधीच त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. एक बोट, हलका दाब, दोन्ही बाजूंनी.

कपडे सावरून बसल्यावर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, साधारण सुपारीहून थोडी मोठी, सगळ्या पुरुषांना असते. तिच्यात जंतू शिरून सूज आली आहे. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या आहेत, सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही, बरं वाटलं तरी मधे सोडायची नाही.

मन्सूरभाईने हे सगळं ऐकलं ते एका कानाने. त्याचा जीव दुसरीकडेच अडकला होता.

"डाक्टरसायब, तेल कोनतं होतं?"

"तेल नाई, जेली असते."

"मंग मालिश झाली ना?"

"मालिश नाई केली चाचा. पाह्यलं फक्त."

मन्सूरभाई गालातल्या गालात हसला. त्याला सगळं उमगलं. पाह्यलं फक्त! हे वाक्य तर त्याच्या घरचं. पोरगा शिकलेला आहे, हुशार आहे, माणसाला बोलण्यात गुंतवून काम करून टाकतो आणि विद्या झाकून ठेवतो. वर गोळ्या देतो, म्हणजे गुण गोळ्यांचा वाटावा. मन्सूरभाईने त्याला मनातल्या मनात शाबासकी दिली आणि गोळ्यांची पुडी खिशात टाकून तो घरी आला.

पाचव्या दिवशी आग थांबली. सातव्या दिवशी ठणका गेला. वर्षभरात पहिल्यांदा त्याला रात्रभर झोप लागली. आता डॉक्टरच्या हाताला गुण आहे याबद्दल शंकाच उरली नाही. सांधा बसल्यावर कुणी गोळ्या खातं का? आठव्या दिवशी त्याने गोळ्या बंद केल्या आणि पुडी तेलाच्या डब्यामागे सारली.

पण बरं वाटल्याने त्याचा गोंधळ मिटला नाही, वाढला. पानठेल्यावरच्या तीन गोष्टी त्याच्या मागे लागल्या. पंचविशीत आल्यासारखं काही वाटत नव्हतं. मर्दानगी गेली की राहिली हे बघायचं तर पथ्य मोडावं लागलं असतं, आणि सव्वा वर्ष भरायला अजून महिना बाकी होता. आणि तिसरी गोष्ट तर सगळ्यात वाईट. एका पुरुषाच्या बोटाने आपल्याला आराम पडला, तर मग आपण कोण? तो बाजेवर पडून छताकडे बघत राहायचा. खुर्शीदाला सांगावं असं रोज ठरवायचा. दारापर्यंत जायचा, ती आत कपड्यांची घडी घालत असायची, सिंदेवाहीला न्यायचे वेगळे, इथे ठेवायचे वेगळे. ते दोन ढीग पाहिले की तो तसाच परत यायचा.

मार्चचा मध्य आला. मोहफुलं वेचायला माणसं पहाटेपासून जंगलात जाऊ लागली. गोळ्या सोडून तीन आठवडे झाले असतील, तेव्हा एका सकाळी मन्सूरभाईला हुडहुडी भरली. उन्हात बसूनही दात वाजत होते. आग परत आली, ठणका परत आला, आणि लघवी थेंब थेंब होता होता पार थांबली. तो तसाच पोट धरून दवाखान्यात गेला. गेडाम डॉक्टर खेड्यावर शिबिराला गेले होते, दुपारनंतर येणार होते. नर्सबाई म्हणाल्या, "दुसरे डाक्टर हायेत ना, त्यायले दाखवा." मन्सूरभाईने मान हलवली. हात बदलला की गुण जातो, हे तो आयुष्यभर स्वतःच्या गिऱ्हाइकांना सांगत आला होता. तो घरी परतला.

बाजाराचा दिवस होता. बापूजी ओसरीवर बसलेला होता. मन्सूरभाई बाजेवर आडवा झाला आणि कण्हत म्हणाला, "बापूजीभाऊ, माह्यी गाठ परत सरकली. मी सांगतो तसं बोटानं बसवून दे. मले सारं ध्यानात आहे."

बापूजीला आधी कळलं नाही. कळल्यावर तो उभाच राहिला. "म्या?"

"तू माह्या भावासारखा आहेस."

"भावासारखा आहो," बापूजी म्हणाला, "पन हे भाऊबी करत नाई गा!" आणि तो ओसरीवरून उतरून थेट आपल्या बैलांजवळ जाऊन उभा राहिला. पळून गेला नाही, एवढी त्याची दोस्ती.

आता उरलं एकच माणूस. आरमोरीत मन्सूरभाईपेक्षा चांगला हात फक्त एका माणसाचा होता, आणि ते त्याने आज पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं. पोट फुटेल असं वाटत होतं. त्याने हाक मारली.

खुर्शीदा हात पुसत बाहेर आली. त्याचा चेहरा बघून ती बाजेपाशी बसली. आणि मग मन्सूरभाईने सगळं सांगितलं, तापात, दात वाजत असताना, उलटसुलट. थेंब सांगितले, नमाज का सुटली ते सांगितलं, तंबूतला वैद्य, चाळीस दिवस, सव्वा वर्ष, डॉक्टरांचं बोट, सोडलेल्या गोळ्या, पानठेला. "मले नाई मालूम मी आता मानूस आहो का काय आहो," तो म्हणाला. "पन तुह्या हाताले गुन आहे. तू कर. मी सांगतो कसं ते."

 खुर्शीदाने त्याच्या लुंगीची गाठ सैल केली आणि बेंबीखाली तळवा ठेवला. पोट कोहळ्यासारखं घट्ट, ताणलेलं होतं. मग तिने कपाळावर हात ठेवला. सव्वा वर्षाने तिचा हात त्याच्या अंगाला लागला होता, पण ते लक्षात यायला दोघांनाही तेव्हा उसंत नव्हती.

"मी हात लावनार नाई," ती म्हणाली.

"खुर्शीदा, मरून जाईन मी."

"लावला तं मराल. तापलेल्या अंगाले, गरम सुजेले हात लावाचा नाई, हे लगीन झाल्यावर पयल्या हप्त्यात तुमीच मले शिकवलं. दुसऱ्यांच्या अंगाले कायदा, आन् सोताच्या अंगाले नाई काय?" तिने ओसरीच्या कडेला जाऊन हाक दिली, "बापूजीभाऊ, बंडी जुंपा!"

दवाखान्यात तिने त्याला जे दुसरे डॉक्टर होते त्यांच्यापुढे उभं केलं. हात बदलला की गुण जातो, हे त्याने पुटपुटून बघितलं. तिने ऐकलं नाही. डॉक्टरांनी नळी घातली, बाटलीभर लघवी निघाली, सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली. दुपारी गेडाम डॉक्टर शिबिराहून आले तेव्हा मन्सूरभाई घामाघूम होऊन निपचित पडला होता आणि पोट मऊ झालं होतं.

"चाचा, कोनी दाबलं तं नाई ना खालून?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"मी दाबू नाई देल्लं," खुर्शीदा म्हणाली.

"लाखाचं काम केलं चाची. असा ताप असताना ती गाठ चोळली असती तं सारे जंतू रक्तात गेले असते. मंग जिवाचं काही सांगता आलं नसतं."

मन्सूरभाईने डोळे उघडले. "पन मांगच्या बारीले तुमीच चोळली होती. त्यानंच आराम पडला."

"मी पाह्यलं होतं चाचा. फक्त पाह्यलं."

"तसं तं मीबी म्हनतो," मन्सूरभाई क्षीण आवाजात म्हणाला.

डॉक्टरांना काही कळेना. तेव्हा खुर्शीदाने नवऱ्याच्या त्या हातोटीचं गुपित, जे बापाने कुणाला सांगू नको म्हणून सांगितलं होतं, दोन वाक्यांत सांगून टाकलं, आणि आठव्या दिवशी सोडलेल्या गोळ्यांचंही. डॉक्टर हसायला लागले, मग स्टूल ओढून बसले.

"चाचा, आमी पाह्यलं म्हनतो तवा पाह्यलंच असते. आराम गोळ्यायनं पडला. आठ दिवसांत जंतू अर्धे मेले, तुमी गोळ्या सोडल्या, बाकीचे वाढले. अशी मालिश काही डाक्टर करत, जुन्या दुखण्यात, अजूनबी कोनी करते. पन गोळ्यायच्या जागी नाई, आन् घरी तं कधीच नाई. तिनं जवानी येत नाई आन् मर्दानगी जातबी नाई. ती गाठ नुसती गाठ आहे."

खुर्शीदा पाणी आणायला उठली. ती व्हरांड्यात गेल्याची खात्री करून मन्सूरभाई कुजबुजला, "सायब, एक विचारू? दुसऱ्या मर्दाच्या बोटानं मले आराम पडला. तं मी... तसा तं नाई?"

डॉक्टर हसले नाहीत. "तुमी शंभर मर्दांच्या पाठी चोळल्या, त्यायले आराम पडला. ते तसे झाले काय? आन् जे असतात ते आपल्या सोभावानं असतात चाचा, कोन्या तपासनीनं होत नाई. त्यातबी काही रोग नाई."

 शंभर पाठींचा मुद्दा मन्सूरभाईला पटला. बाकीचं पुरतं कळलं नाही, पण छातीवरचं ओझं थोडं हललं.

खुर्शीदा पाणी घेऊन आली ती थेट डॉक्टरांसमोर उभी राहिली. डोक्यावरून ओढणी नीट घेतली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाजारातला वैद्य म्हने, धातूच्या एकेक थेंबाले चाळीस दिवस लागते. बायकोच्या जवळ झोपल्यानं हा रोग वाढते काय?"

मन्सूरभाईने चादर तोंडावर ओढली.

"नाई," डॉक्टर म्हणाले. "आता ताप आहे, नळी आहे, चार दिवस आराम. मंग दुखनं थांबलं का खुशाल. धातू जाऊन मानूस कमजोर होत नाई चाची, शरीर रोज नवी बनवते. त्या चाळीस दिवसांत काही खरं नाई."

"आन् गोळ्या?"

"अठ्ठावीस दिवस. पुऱ्या. मंग परत दाखवाचं."

"मी देईन रोज," खुर्शीदा म्हणाली. "इकराले निरोप धाडतो, येत नाई म्हनून."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. बापूजी बैलांना पाणी दाखवायला गेला. ऊन उतरत होतं, वॉर्डात दोन-तीनच खाटा भरलेल्या होत्या. मन्सूरभाईने चादर खाली केली. त्याला वाटलं, आता ती रागावेल, सव्वा वर्षाचा राग एकदम काढेल, आणि ते बरंच होईल. ती स्टुलावर बसली. पदराशी चाळा करावा तशी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तुमी बाहेर झोपाले गेले ना," ती म्हणाली, "त्याच महिन्यात माह्यं बंद झालं. महिन्याचं. कायमचं."

मन्सूरभाई कोपरावर रेलून उठायला लागला.

"मले वाटलं तुमाले समजलं. सारे म्हनतात ना, मन्सूरभाईले हात न लावताबी अंगातलं समजते. म्हनलं, समजलं असन. म्हनून गेले. आता ही बाई काय कामाची, असं वाटलं असन तुमाले." ओढणीचं टोक तिने परत बोटाला गुंडाळलं. "रातभर घाम ये, झोप नाई ये. दार उघडून तुमाले उठवावं वाटे. पन काय सांगू उठवून?"

चालत्या माणसाच्या नुसत्या पावलांवरून त्याच्या कोणत्या गुडघ्यात दुखणं आहे हे ओळखणारा तो माणूस. एका भिंतीपलीकडे त्याची बायको सव्वा वर्ष हे घेऊन निजत होती आणि त्याला काही म्हणता काही समजलं नव्हतं. त्याला एकदम रडू फुटलं, लहान मुलाला फुटावं तसं, आणि ते त्याने लपवलं नाही.

"मले नाई समजलं," तो म्हणाला. "अल्लाकसम, मले काहीच नाई समजलं खुर्शीदा." मग त्याने विचारलं, "तुले दुखते काय? कुठी दुखते?"

"सव्वा साल झाला," ती डोळे पुसत म्हणाली. "आज विचारून राह्यले."

तिने मागे वळून वॉर्डाकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं. मग तिने त्याचा सलाईन नसलेला हात उचलला आणि आपल्या पाठीवर, कंबरेच्या जरा वर ठेवला. त्याची बोटं सवयीने जागा चाचपायला लागली.

"दाबू नका," ती म्हणाली. "नुसता ठेवा."